पुड्यासुराचे हात

ज्या खात्याने पुड्यासुराला राक्षस केलं होतं, त्याच खात्याचे उपसंचालक एका सकाळी त्याला माणसात आणायला आले.

पुड्यासुर ही एक बाहुली होती. उंची चौथीतल्या मुलाएवढी, कागदाच्या लगद्याचं डोकं, वांग्यासारखं जांभळं तोंड, उघडमीट करणारा जबडा आणि कोपरात मोडणारे दोन लांब हात. ती मामांनी घडवली होती. मामांना सख्खी भाची एकच, पण बाहुल्यांचे खेळ करत सगळा जन्म शाळांमधून गेल्यामुळे ते सगळ्यांचेच मामा झाले होते. पुष्कळ वर्षांपूर्वी नशाबंदी खात्याने त्यांना सांगितलं, पोरांच्या मनात नशेची दहशत बसेल असं काहीतरी करा. मामांनी पुड्यासुर केला. तो ढोल वाजवत यायचा, नशेची पुडी दाखवून मुलांना भुलवायचा आणि शेवटी एका चिमुरड्या मुलीच्या बाहुलीकडून बडवून घेऊन आडवा पडायचा. मुलं खूश, शिक्षक खूश, खातं तर त्याहून खूश.

मग कायदा बदलला. मौजेसाठी पुडी घेणं हा गुन्हा राहिला नाही. मोठ्या माणसांना ती परवान्याच्या दुकानात, मोजूनमापून, पावतीसकट मिळू लागली. त्याआधी वर्षभर मोठं भांडण झालं होतं. उपसंचालकांनी त्यात आधी कायद्याच्या विरुद्ध भाषणं केली आणि मंत्री बदलल्यावर बाजूने केली. दोन्ही वेळा टेबलावर मूठ सारख्याच जोराने आपटली. सरड्याला रंग बदलायला निदान झाड बदलावं लागतं, या गृहस्थांना नुसती फाइल बदललेली पुरायची. नशाबंदी खात्याचं नाव ‘जबाबदार सेवन खातं’ झालं. खुर्च्या त्याच होत्या, त्यांवर बसणारे तेच होते.

तर उपसंचालक आले, तेव्हा मामा पुड्यासुराचा जबडा दुरुस्त करत होते. बाहुली हातातच होती. उपसंचालकांनी नमस्कार केला तो बाहुलीला आणि बोलू लागले तेही बाहुलीशीच. यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. हातात बाहुली असली की समोरचा माणूस बाहुलीच्या डोळ्यांतच बघतो, मागच्या माणसाला विसरतो. बाहुल्यांचा सगळा धंदा त्यावरच चालतो.

“रंग बदलायचा,” ते पुड्यासुराला म्हणाले. “जांभळा नको. आता तुम्ही आमचे शत्रू नाही.”

“मग कोण?” पुड्यासुराने जबडा उघडला.

“मित्र. जबाबदार मित्र. मुलांना सांगायचं, मोठे व्हा, मग मर्यादेत घ्या, परवान्याच्या दुकानातूनच घ्या.”

“आणि ती मुलगी मला शेवटी बडवते, त्याचं काय?” आता मामा स्वतःच्या आवाजात बोलले.

“तिने हात मिळवायचा.”

कोपऱ्यात गोंद ढवळणारी भिंगरी फिस्सकन हसली. ही मामांची भाची. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून पडलेलं नाव, आता चांगली पंचविशीची बाई झाली तरी सुटलं नव्हतं. पुड्यासुराचे हात ती चालवायची. एवढं धूड एका माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. मामांचा उजवा हात त्याच्या डोक्यात, डाव्या हातात ती चिमुरड्या मुलीची बाहुली, तोंडाने आवाज. मागे त्यांच्या पाठीला जवळजवळ चिकटून भिंगरी, तिचे दोन्ही हात राक्षसाच्या बाह्यांत. मामांनी श्वास घेतला की तिने हात उचलायचा. मामांनी किती जणांना हे शिकवून पाहिलं, पण राक्षस कुणाच्या हातून लकवा झाल्यासारखा हलायचा, तर कुणाच्या हातून माश्या मारल्यासारखा. भिंगरीला ते पहिल्याच दिवशी जमलं.

“हसायला काय झालं?” उपसंचालक म्हणाले.

“काही नाही साहेब. हात मिळवायचा म्हणजे काम माझ्याच गळ्यात, म्हणून हसले.”

“हां, त्यावरून आठवलं. शाळेत जाणाऱ्या प्रत्येकाचा आता पोलिसांचा दाखला लागेल. कायद्याला विरोध करणाऱ्यांची समजूत काढायला नवा नियम केलाय. नशेची जुनी नोंद असलेला कुणीही शाळेच्या फाटकाच्या आत नको. तुमचे दोघांचे दाखले पाठवून द्या.”

भिंगरीचा गोंद ढवळणारा हात थांबला. भांड्यात काठी तशीच उभी राहिली, इतका गोंद घट्ट झाला होता.

तिची नोंद होती, आणि ती कशी झाली हे मामा सोडून फारसं कुणाला माहीत नव्हतं. एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला दहाबारा जण जमले होते. पुडी फिरली, भिंगरीनेही घेतली. थोड्या वेळाने ती मैत्रीणच निळी पडली आणि जमिनीवर कोसळली. पोलिस येतील या धास्तीने बाकीचे चपला हातात घेऊन पळाले. भिंगरी थांबली, तिने फोन करून गाडी बोलावली आणि गाडी येईपर्यंत मैत्रिणीचं डोकं मांडीवर धरून बसली. गाडीमागून पोलिस आले. मैत्रीण वाचली, तिच्या वडिलांनी तिच्यासाठी वकील लावला आणि नंतर तिला दूर शिकायला पाठवलं. भिंगरीकडे ना वडील होते ना वकील. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तुरुंगाचे काही महिने संपले, पण नोंद संपली नाही. नोकरी लागायची, नोंद निघायची, नोकरी जायची. शेवटी मामांनी तिला काळ्या पडद्यामागे उभं केलं. तिथे तिला कुणी बघत नव्हतं आणि तिच्यावाचून अडत मात्र होतं. असं काम जगात फार थोड्यांच्या वाट्याला येतं, आणि आता तेच जाणार होतं.

मामा दुसऱ्या दिवशी खात्यात गेले. उपसंचालकांच्या खोलीत भिंतीवर नवं चित्र होतं, हसऱ्या कुटुंबाचं. आधीच्या रडक्या कुटुंबाच्या चित्राची चौकट मोठी असल्यामुळे नव्या चित्राभोवती भिंतीचा पांढरा पट्टा उरला होता.

“साहेब, जे आज दुकानात मिळतं, त्यासाठी पोरीला फाटकाबाहेर ठेवता?”

“आज मिळतं, मामा. तिने घेतली तेव्हा मिळत नव्हती. गुन्हा त्या काळातला आहे.”

“म्हणजे तीच पुडी तिने आज घेतली असती तर?”

“तर ती जबाबदार नागरिक ठरली असती.”

“आणि ज्यांनी त्या काळात विकली ते? तुमच्या परवान्याच्या दुकानदारांत जुनेच चेहरे दिसतात मला.”

“त्यांचे दाखले स्वच्छ आहेत,” उपसंचालक अभिमानाने म्हणाले. “अनुभवी मंडळी आहेत. कधीच सापडले नाहीत.”

मामांना वाटलं, हा माणूस आता तरी लाजेल. पण लाज ही अंगभूत गोष्ट आहे, ती बदलीच्या हुकमाबरोबर येत नाही. उपसंचालकांनी घंटी वाजवून चहा मागवला आणि मामांना समजावलं, “तुम्ही एकटेच करा ना खेळ. हातांकडे कोण बघतंय!”

घरी आल्यावर मामांनी रंगाचा डबा उघडला आणि बडबड सुरू केली. “मी आधीपासून सांगत होतो, हा कायदाच नको होता. विष ते विष. दुकानात ठेवलं म्हणून त्याचं औषध होतं का?”

“मामा, बंदी होती तेव्हा मला दुधापेक्षा पुडी लवकर मिळायची,” भिंगरी म्हणाली. “दूधवाला निदान सुट्टी घ्यायचा.”

“म्हणून दुकान काढायचं?”

“त्या पुडीत काय कालवलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. दुकानातली असती तर माझी मैत्रीण पडली नसती कदाचित.”

“दुकानातली!” मामांनी ब्रश खाली ठेवला. “तुझा बाप दुकानातूनच आणायचा. सीलबंद बाटली, सरकारी शिक्का, पावतीसुद्धा. माझ्या बहिणीने त्या पावत्या चुलीत घातल्या. शिक्क्याने वाचला का तो?”

भिंगरी हळूच म्हणाली, “नाही वाचला. पण तो जिन्यात पडला तेव्हा शेजारी धावून आले ना? फोन करताना कुणाला भीती वाटली नाही. माझ्या मैत्रिणीच्या वेळी दहा जण पळाले. मी काय म्हणते, विष असेल, असू दे. पण पडलेल्याला उचलायची भीती वाटावी असा कायदा कशाला?”

उत्तर सुचलं नाही की मामा चिडायचे, तसे चिडले. “तू आणि तुझे ते कायदेवाले! एक जण म्हणतो राक्षस, दुसरा म्हणतो मित्र.”

“दोन्ही खोटंच आहे. तुझा राक्षस ढोल वाजवत येतो, मामा. माझ्याकडे पुडी आली तेव्हा वाढदिवस होता. चांगले कपडे घातलेली, हसरी, ओळखीची माणसं होती. पुढे केलेला हात मैत्रिणीचा होता. जांभळं तोंड कुणाचंच नव्हतं.”

मामांनी मुकाट्याने ब्रश उचलला. जांभळ्यावर सभ्य बदामी रंग चढवला, भुवया खाली आणल्या, दात झाकले. पुड्यासुर मित्रासारखा काही दिसेना. कुठल्याशा खात्याच्या उपसंचालकासारखा मात्र हुबेहूब दिसू लागला.

“मी जाणारच नाही,” मामा म्हणाले.

“जा,” भिंगरी म्हणाली. “नाही गेलास तर म्हणतील मामा हटून बसले, म्हातारे झाले. आधी खेळ होऊ दे. हातांवाचून काय होतं ते बघू देत त्यांना. फाटकापर्यंत बाहुल्यांची पेटी मी आणते.”

खेळाच्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी वॉचमन स्टुलावर बसला होता. भिंगरीकडे दाखला नव्हता. त्याने तिला अडवलं, पण अवघडून. “ताई, मला सांगितलंय तसं मी करतो.” तिने पेटी मामांच्या हाती दिली आणि गजांना पाठ टेकून पदपथावर उभी राहिली.

पटांगणात मुलं सतरंजीवर बसली होती. पाहुण्यांच्या खुर्च्यांवर उपसंचालक, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि परवान्याच्या दुकानदारांच्या संघटनेतून आलेले दोघे तिघे. मुलांना पुडीबद्दल शहाणं करायला पुडी विकणारे बोलावले होते. मांजराला दुधाच्या पातेल्यावर राखण बसवावं, तसं.

खेळ सुरू झाला. मामा काळ्या पडद्यामागे एकटे. पुड्यासुर आला, डोकं हलवून बोलू लागला, पण हात दोन्ही बाजूंना ओल्या कपड्यासारखे लोंबत होते. तो म्हणाला, “मुलांनो, मी बदललोय.” मुलांनी जांभई दिली. तो म्हणाला, “मी आता पावती देतो.” दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. मुलं सतरंजीचे दोरे उपटू लागली. मुलांना फसवणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी मुलांसमोर बाहुली धरलेली नसते.

मग ती चिमुरड्या मुलीची बाहुली आली. ठरल्याप्रमाणे तिने हात पुढे केला. पुड्यासुराचा हात काही उठला नाही. मामांनी खांद्याला झटका देऊन पाहिला. हात हलला आणि परत लोंबला. मुलगी हात पुढे करून तशीच उभी राहिली.

“तो हात का देत नाहीये?” पुढे बसलेली दोन वेण्यांची एक मुलगी मोठ्याने म्हणाली.

मामांचा एक जुना दंडक होता. खेळ कसलाही असो, मुलांनी बाहुलीला सरळ प्रश्न विचारला तर बाहुलीने खोटं बोलायचं नाही. माणसं मुलांशी दिवसभर खोटं बोलतच असतात, निदान बाहुल्यांनी तरी बोलू नये, असं ते म्हणायचे.

“माझे हात फाटकाबाहेर राहिलेत,” पुड्यासुर म्हणाला.

सगळ्या माना फाटकाकडे वळल्या. गजांपलीकडे भिंगरी दचकून सरळ उभी राहिली.

“ती? ती तुझे हात चालवते? मग आत का येत नाही?”

“साहेबांनी मनाई केलीये.”

आता माना उपसंचालकांकडे वळल्या. शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. पण यांची सगळी हयात समजावून सांगण्यात गेलेली. ते उठले आणि सरळ पुड्यासुराकडे बघून बोलू लागले.

“हे बघा, तुम्ही नीट सांगा मुलांना. मनाई मी केली नाही, नियमाने केली. त्या बाईंनी गुन्हा केलाय.”

“कसला?” पुड्यासुराने मान तिरकी केली.

“पुडी घेतल्याचा!”

“जी घ्या म्हणून तुम्ही मला इथे सांगायला पाठवलंत, ती?”

“मर्यादेत! मोठ्यांनी! आणि तेव्हा तुम्ही राक्षस होतात!”

“आणि आता?”

“आता तुम्ही आमचे मित्र आहात!” उपसंचालक ओरडले. मग आपण कुणाशी भांडतोय हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी हळूच इकडेतिकडे पाहिलं. उशीर झाला होता. मुलं हसून लोळत होती. दुकानदारांपैकी एक जण खुर्चीखाली काहीतरी शोधू लागला. मुख्याध्यापिका तोंडाला रुमाल लावून खोकल्या आणि बराच वेळ खोकतच राहिल्या.

मामांनी आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. हातात बाहुली असताना ते पडद्याबाहेर आले आणि पटांगणातून फाटकाकडे चालू लागले. सतरंजी मागे टाकून मुलं त्यांच्या मागे निघाली. मामांनी पुड्यासुराची पाठ गजांना लावली. भिंगरीने वॉचमनकडे बघितलं.

“मी आत येत नाही, दादा. नुसते हात.”

वॉचमनने विचार केला. हातांबद्दल त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

भिंगरीने गजांतून दोन्ही हात आत घालून बाह्यांत सरकवले. मामांनी श्वास घेतला. पुड्यासुराचा उजवा हात वर आला, त्याने डोकं खाजवलं, मग दोन वेण्यांच्या मुलीच्या नाकावर टिचकी मारल्यासारखं केलं. मुलं किंचाळली.

ती मुलगी मागे हटली नाही. “आता खरं सांग. तुझी पुडी घ्यायची की नाही?”

जबडा चालवणारा मामांचा हात थबकला. त्यांनी वळून भाचीकडे पाहिलं. पडद्यामागे ती आजवर एक शब्द बोललेली नव्हती.

“मला विचारशील तर नको घेऊस,” भिंगरी स्वतःच्या आवाजात म्हणाली आणि पुड्यासुराच्या हातांनी नाही नाही केलं. “मी घेतली होती. तेव्हा बंदी होती, तरी घेतली. आता बंदी नाही, म्हणून ती चांगली झाली नाही. पण समजा, कुणी घेतलीच आणि तुझ्यासमोर कोसळलं, तर पळू नकोस. मोठ्यांना हाक मार. फोन कर. मी केला होता. माझी मैत्रीण वाचली.”

“मग तुला बक्षीस मिळालं?”

“नाही. मला पोलिसांनी नेलं.”

मुलगी कपाळाला आठ्या घालून उभी राहिली. मुलांच्या डोक्यात एखादी गोष्ट बसत नसेल तर ती पुढे सरकत नाहीत. मोठ्यांचं तसं नसतं, ते गोष्ट डोक्यात न बसताही सही करून मोकळे होतात.

“जे पळाले त्यांना नाही नेलं?”

“नाही.”

“मग पुढच्या वेळी फोन कोण करेल?”

मामांना हा प्रश्न दुसऱ्यांदा ऐकू येत होता आणि या वेळी चिडताही येत नव्हतं. मुलीने उपसंचालकांकडे पाहिलं. ते घामाघूम होऊन फाटकापर्यंत पोचले होते.

“हा प्रश्न विषयाला धरून नाही,” ते म्हणाले. मग पुन्हा पुड्यासुराकडे वळले. “आणि तुमचं काम आजपासून बंद. खात्याला तुमची गरज नाही.”

भिंगरीने बाह्यांतून हात काढले. मामांनी बाहुली हातातून काढली आणि काखेत घेतली. “हे माझ्याकडे बघून सांगा, साहेब.”

उपसंचालकांनी मामांच्या तोंडाकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच. मग घड्याळात पाहिलं आणि दुसरी सभा आहे असं म्हणून दुकानदारांच्या गाडीत बसून निघून गेले. ‘विद्यार्थ्यांनी उत्साहाने प्रश्न विचारले’ असं त्यांच्या अहवालात लिहिलेलं पुढे मुख्याध्यापिकांनी वाचलं. ते खोटं नव्हतं, म्हणून त्यांनी सही केली. त्या दिवशी मात्र त्यांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं, “नियम मोडता येणार नाही हो मला. तिला आत नाही घेता येणार.” एवढं बोलून त्या खाली बघत आत गेल्या.

मामा पेटी घेऊन बाहेर आले आणि पुड्यासुर त्यांनी भिंगरीकडे दिला. ती त्याच्या बाह्या उलट्या करून झटकू लागली.

“माझ्यामुळे तुझं काम गेलं,” ती म्हणाली.

“खात्याचं गेलं. बरं झालं, त्यांचा रंग मला कधी आवडलाच नव्हता.” मामांनी पेटी खाली ठेवली. “पण तू आज बोललीस ते… एक सांगतो. पुडी वाईट, हे माझं मत आहे आणि मी ते सोडणार नाही.”

“सोडू नकोस. मी कुठे सोड म्हटलं?”

“पण फोन करणाऱ्याला पकडायला नको होतं,” मामा म्हणाले. एवढं म्हणायला त्यांना फार वेळ लागला.

भिंगरीने बाह्यांची घडी केली, पुन्हा मोडली.

गजांमागे दोन वेण्या दिसल्या. त्यांच्यामागे आणखी पाचसहा डोकी होती.

“उद्या येणार का तुम्ही?”

मामांनी भाचीकडे पाहिलं. पेटी तिने आणलेली, हात तिचे, फाटकाची बाहेरची बाजूही तिचीच. पदपथ कुठल्या खात्याच्या ताब्यात नव्हता.

“मधली सुट्टी किती वाजता होते गं तुमची?” भिंगरीने विचारलं.

मुलं एकदम बोलू लागली, प्रत्येकाची वेळ वेगळी. वॉचमन त्यांना गप्प करायला उठला, त्याने बरोबर वेळ सांगितली आणि बाहुलीला जागा व्हावी म्हणून आपलं स्टूल थोडं बाजूला सरकवून ठेवलं.